मातीतील औषधाचा अंश : कोणाची माती तपासावी?



गेल्या सर्वसाधारण सभेत ऐनवेळच्या विषयांत एका सभासदाने सूचना मांडली की, कारखान्याने कार्यक्षेत्रातील प्रत्येक ऊस प्लॉटची माती प्रयोगशाळेत पाठवावी, तीत कीटकनाशकांचा व तणनाशकांचा किती अंश उरला आहे ते काढून घ्यावे आणि त्याकरिता टनामागे काही रक्कम ऊसबिलातून कापावी. सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर होते की काय असे वाटत असतानाच मागल्या रांगेतून आवाज आला, "कपात पण करा, आन् वर जमीन इखारी हाय म्हणून कागद पण हातात द्या. मग खंडानं घेणारा कोण उभा ऱ्हातोय?" सभा हसली आणि विषय पुढे गेला. संचालक मंडळाने आता शेतकी खात्याचे मत मागविले आहे. ते मंडळापुढे रीतसर जाईलच. पण पैसे ज्यांच्या बिलातून जायचे आणि जमीन ज्यांची, त्यांनी ते आधी वाचावे म्हणून येथे मांडत आहोत.

आमचे मत असे की, सरसकट तपासणी नको. तीत पैसा जाईल आणि हाती कागदांचा गठ्ठा येईल. पण तपासणी मुळीच नको असे म्हणणे त्याहून वाईट, कारण काही प्लॉट असे आहेत की जिथे न तपासता पुढचे पीक घेणे म्हणजे डोळे झाकून विहिरीत उतरणे आहे. ते प्लॉट कोणते, हे ठरविणे हाच खरा प्रश्न.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बऱ्याच सभासदांच्या घरी जमीन आरोग्यपत्रिका आहे. २०१५ सालापासून ही योजना देशभर चालली. "आमची माती तपासलेली हाय की, त्यात काय विषबिष निघालं न्हाई," असे आम्हांला गटागटांतून ऐकायला मिळते. त्या पत्रिकेत बारा गोष्टी असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. औषधाच्या अंशाचा त्यात रकानाच नाही. जे पाहिलेच नाही ते निघणार कुठून?

आता अंश म्हणजे किती, ते पाहू. एक एकर जमिनीचा वरचा अर्धा फूट थर घेतला तर त्याचे वजन साधारण ९ लाख किलो भरते. लागणीनंतर आपण तणनाशक मारले आणि त्यातले मूळ द्रव्य एकरी अर्धा किलो धरले, तर ते या सगळ्या मातीत मिसळल्यावर किलोमागे सुमारे ०.५५ मिलिग्रॅम येते. हा झाला पहिल्या दिवसाचा हिशेब. पुढे जिवाणू, पाणी, ऊन आणि मातीचा सामू मिळून ते औषध मोडत नेतात. ॲट्राझिनचे अर्धे होण्यास ढोबळमानाने ६० दिवस धरतात. म्हणजे दोन महिन्यांनी ०.२८, चार महिन्यांनी ०.१४, सहा महिन्यांनी ०.०७ आणि वर्षाअखेर ०.०१ च्या आत. पण हे ६० दिवस सर्वांना सारखे नाहीत. ज्या जमिनीचा सामू आठाच्या वर गेला आहे, म्हणजे आपल्या पाटाखालच्या क्षारपड होत चाललेल्या काळ्या रानात, ॲट्राझिन जास्त दिवस टिकते. याउलट जिथे तेच औषध वर्षानुवर्षे मारले जाते तिथले जिवाणू त्याला चटावतात आणि ते लवकर संपते; मग सभासद म्हणतो की दुकानदाराने भेसळीचा माल दिला. दुकानदाराची बाजू आम्ही घेत नाही, पण प्रत्येक वेळी दोष त्याचाच असतो असेही नाही.

प्रयोगशाळा साधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत मोजून देते. एकराच्या त्या ९ लाख किलो मातीत हा अंश म्हणजे अवघे ९ ग्रॅम, चहाच्या चमच्याने दोन चमचे. इतके बारीक मोजता येते याचे आश्चर्य वाटावे. १९५७ साली जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने क्लोरीन असलेल्या द्रव्यांचा अतिसूक्ष्म अंश पकडणारा एक शोधक तयार केला आणि डीडीटी कुठकुठे पोचले आहे ते जगाला प्रथमच आकड्यांत कळू लागले. त्याआधी औषध मातीत "जिरले" एवढेच लोक म्हणत.

जिरणे आणि संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भागातल्या वडीलधाऱ्या सभासदांना हुमणीसाठी बीएचसीची भुकटी सरीत टाकलेली आठवत असेल. हाताने, उघड्या अंगाने, तोंडाला टॉवेल बांधून. हिशेबासाठी एकरी ५० किलोचे एक पोते धरू. १० टक्के भुकटी म्हणजे मूळ बीएचसी ५ किलो, किलो मातीमागे साडेपाच मिलिग्रॅम. वरच्या तणनाशकाच्या दहापट. बीएचसी हे एकच द्रव्य नव्हते. एकाच घडणीच्या चार-पाच भावंडांचे ते मिश्रण होते; किडा मारणारे भावंड त्यात १० ते १५ टक्के, बाकी सगळा भार. गंमत अशी की, किडा मारणारे गॅमा भावंड त्यामानाने लवकर मोडते आणि ज्याचा हुमणीवर काडीचा उपयोग नव्हता ते बीटा भावंड मातीत वर्षानुवर्षे चिकटून राहते. बीएचसीवर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आली. ऑल्ड्रिन त्याच्या आदल्या वर्षी बंद झाले, डीडीटीचा शेतीतला वापर १९८९ सालीच थांबविण्यात आला. नुसते गॅमा वेगळे काढून विकले जाणारे लिंडेन मात्र पुढेही मिळत होते; त्याचे उत्पादन २०११ मध्ये आणि वापर २०१३ मध्ये बंद झाला. फोरेट, ज्याला आपण थायमेट म्हणतो, ते ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. आजही कुणाच्या वळचणीला अर्धी पिशवी पडलेली असेल तर ती रानात टाकून "संपवून टाकू" म्हणू नये, एवढे जाता जाता सांगतो.

चांगल्या प्रयोगशाळेचा अहवाल नुसता आकडा देत नाही, मातीचे वयही सांगतो. मातीत बीटा जास्त आणि गॅमा नाममात्र निघाले तर समजावे की हा आजोबांच्या वेळचा बीएचसी आहे. गॅमा एकटेच उठून दिसले तर लिंडेन अलीकडे पडले आहे. तसेच डीडीटी मातीत राहून हळूहळू डीडीई होते. डीडीईचे पारडे जड असेल तर माल जुना, डीडीटीचेच जड असेल तर कुणीतरी परवापरवा टाकले. हे समजले की दोष कुणाला द्यायचा आणि उपाय काय करायचा याचा निवाडा सोपा होतो. बाजारातून बंदी असलेले औषध येत असेल तर ते दुकान शोधले पाहिजे. आजोबांना कोर्टात ओढून काही होणार नाही, त्या काळी खात्याच्या सल्ल्यानेच ते टाकले जात होते.

मग उसाला त्याचे काय? उसाच्या दृष्टीने पाहिले तर फारसे घाबरण्यासारखे नाही. आपण कांडी विकतो आणि ती जमिनीच्या वर वाढते. प्रश्न ऊस मोडल्यानंतर उभा राहतो. गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रात खोडवा मोडून हळद, आले, रताळी, बीट, गाजर घेणारे सभासद वाढले आहेत आणि चांगला पैसाही करीत आहेत. ही सगळी पिके जमिनीच्या पोटात वाढतात. माती आणि माल यांच्यात एका सालीचे अंतर. क्लोरीनयुक्त जुनी औषधे पाण्यात विरघळत नाहीत, मातीच्या कणाला धरून राहतात आणि तिथूनच कंदाच्या सालीत उतरतात.

याचे सर्वांत कडू उदाहरण कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या फ्रेंच बेटांचे आहे. तिथे केळीच्या सोंड्या किड्यासाठी १९७२ ते १९९३ या काळात क्लोरडेकोन नावाचे औषध बुंध्याशी टाकले. औषध बंद होऊन तीस वर्षे उलटली तरी ते मातीत आहे. उंचावर लागणाऱ्या केळात ते जवळजवळ येत नाही, पण त्याच रानात रताळे, सुरण किंवा अळकुड्या लावल्या की कंदात उतरते. म्हणून तिथे कंदपीक लावण्याआधी माती तपासून घेण्याचा सल्ला दिला जातो. केळीवाल्याने तपासले नाही तरी चालते, कंदवाल्याला मात्र तपासावेच लागते. आम्ही जे सांगतो आहोत ते याहून वेगळे नाही. तपासणी जमिनीकडे बघून ठरवू नये, पुढच्या पिकाकडे बघून ठरवावी.

दुसरा वर्ग खंडाने जमीन घेणाऱ्यांचा. आल्यासाठी दरवर्षी नवे रान लागते आणि ते खंडानेच मिळते. खंड घेणाऱ्याला त्या रानात मागल्या पाच वर्षांत काय पडले याचा पत्ता नसतो, मालक सांगतो, "काय न्हाई हो, शेणखतावरचं रान हाय." बेणे, ठिबक, मजुरी मिळून एकरी लाखांत पैसा घालणारा हा माणूस काही हजार रुपयांची तपासणी करीत नाही, कारण ती कुठे होते हेच त्याला ठाऊक नसते. आमच्याकडे एक सभासद भगिनी आल्या होत्या. त्यांनी सोयाबीनसाठी शेजाऱ्याचे मोडलेल्या खोडव्याचे रान केले. उगवण उत्तम झाली, तीन आठवड्यांनी खालची पाने कडेने पिवळी पडून करपली. खताचा कमीपणा म्हणून त्यांनी दोन फवारण्या केल्या, तिसरी बुरशीची. सगळे पैसे वाया गेले. रानाच्या मालकाने खोडवा मोडायच्या चारच महिने आधी तणनाशकाचा दुसरा हात दिला होता आणि तो सांगायचे विसरला होता. विसरला असेच आम्ही धरतो.

आता प्रयोगशाळेकडे वळू. तिथे साधारण असे होते. दहा ग्रॅम माती घेतात, पाण्याने भिजवितात, ॲसिटोनायट्राइल नावाचे द्रावण घालून खूप हलवितात म्हणजे औषध मातीतून द्रावणात येते. क्षार टाकून पाणी आणि द्रावण वेगळे करतात, घुसळण यंत्रात फिरवून गाळ खाली बसवितात, वरचे निवळ शुद्ध करून यंत्राला देतात. ही पद्धत २००३ साली फळे-भाजीपाल्यासाठी निघाली आणि पुढे मातीलाही लागू केली गेली. वायुरूप होणारी औषधे एका यंत्रावर, न होणारी दुसऱ्यावर. दोन्ही यंत्रे रेणू फोडून त्याच्या तुकड्यांच्या वजनावरून नाव ओळखतात, जसा आपला चिटबॉय पाचट बघून वाण ओळखतो. एकाच नमुन्यातून शेकडो औषधे बघता येतात.

पण शेकडो म्हणजे सगळी नव्हेत, आणि इथेच माणूस फसतो. यंत्र यादीप्रमाणे शोधते. यादीत नाव नसेल तर औषध समोर असूनही ते दिसत नाही. ग्लायफोसेट या पद्धतीत येतच नाही, त्याला वेगळी पद्धत आणि वेगळा खर्च. पॅराक्वाटचेही तसेच. फोरेट मातीत गेल्यावर त्याचे सल्फॉक्साइड व सल्फोन होते आणि तेच अधिक टिकते. प्रयोगशाळेने नुसते फोरेट शोधले तर "आढळले नाही" असा दाखला मिळेल आणि आपण निर्धास्त होऊ. द्राक्षवाल्यांनी हा धडा महागात घेतला. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, म्हणजे बागायतदारांच्या सीसीसीमुळे अडकले. तपासण्या झाल्या नव्हत्या असे नाही, झाल्या होत्या. पण तपासायच्या यादीत ते नाव नव्हते. त्या एका हंगामात बागायतदारांवर काय वेळ आली ते सांगली-नाशिकच्या कुणाही पाहुण्याला विचारा.

म्हणून आमचे म्हणणे, तपासणीच्या आधी वही. प्रत्येक प्लॉटची एक वही, तीत तारीख, औषधाचे नाव, डब्यावरचे टक्के, किती टाकले, कुणी टाकले, दुकानाची पावती तिथेच टाचणीने लावलेली. शंभर पानी वहीला किती पैसे लागतात? ही वही घेऊन प्रयोगशाळेत गेलात तर ते नेमके तेच शोधतील. वही नसेल तर अंधारात दगड मारणे चालते आणि दर दगडाला पैसे पडतात. सभासद म्हणतात, साहेब, आम्हांला लिहायला वेळ कुठे? पाणी पाळीचा हिशेब आणि मुकादमाची उचल हेच लोक पैन् पै लिहून ठेवतात. वेळ नाही असे आम्हांला पटत नाही.

नमुना घेण्याची रीतही वेगळी आहे. आरोग्यपत्रिकेसाठी आपण माती सावलीत वाळवून, चाळून, कापडी पिशवीत देतो. औषधाच्या अंशासाठी तसे चालत नाही. वाळविताना काही औषध उडून जाते, ऊन लागले तर मोडते. माती ओलीच घ्यायची, काचेच्या स्वच्छ बरणीत किंवा ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून, अंधारात, बर्फाच्या पेटीत, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोचती करायची. प्लॉटमध्ये पंधरा-वीस ठिकाणी अर्धा फूट खोलवरची माती घेऊन घमेल्यात एकत्र करावी. जुन्या हुमणीच्या औषधाचा संशय असेल तर अर्धा ते एक फुटाचा थर वेगळा घ्यावा, कारण नांगरटीने माती खालीवर झालेली असते. घमेले औषध कालविलेले नको, खताच्या पोत्यावर माती पसरू नये, खुरपे धुऊन घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, विहिरीच्या थारोळ्याजवळ जिथे पंप भरतात, डबे विसळतात, ती जागा या नमुन्यात मिसळू नये. त्या एका ओंजळीने अख्ख्या एकराचा आकडा फुगेल. उलटही खरे : वीस जागांपैकी एकीत अंश असेल तर तो बाकीच्या एकोणीस जागांच्या मातीत पातळ होऊन आकड्यातून निसटेल. म्हणून ती जागा वेगळ्या बरणीत, वेगळ्या चिठ्ठीने द्यावी. आमचा अंदाज आहे की आपल्याकडच्या खऱ्या डोकेदुखीच्या जागा पिकात कमी आणि पंप भरायच्या जागी जास्त निघतील, आणि नेमकी तिथेच कोथिंबीर-मेथीचा वाफा असतो.

अहवाल हातात आल्यावर तीन गोष्टी बघाव्यात. पहिली, "आढळले नाही" म्हणजे शून्य नव्हे, तर प्रयोगशाळेच्या मोजण्याच्या मर्यादेखाली. ती मर्यादा किती, हे अहवालात लिहिलेले असले पाहिजे. दुसरी, प्रयोगशाळेने स्वतःची परीक्षा घेतली आहे का. स्वच्छ मातीत औषध मोजून टाकायचे आणि परत काढून किती मिळते ते पाहायचे. १०० टाकल्यावर ७० ते १२० च्या दरम्यान मिळाले तर पद्धत बरी समजतात. एवढी सवलत असल्यावर ०.०१२ आणि ०.०१८ यांत फरक मानून दोन भावांनी वाटणीत भांडू नये. तिसरी, आकडा वाळलेल्या मातीवर काढला की ओल्या. ओल्या मातीत चौथा हिस्सा पाणी असेल तर आकडा तेवढाच कमी दिसतो. एनएबीएल मान्यता आहे का आणि ती मातीसाठी आहे का, हेही विचारावे. भाजीपाल्यासाठी मान्यता असणारी प्रयोगशाळा मातीचा नमुना घेते, पण काळ्या चिकणमातीतून औषध काढणे टोमॅटोतून काढण्याइतके सोपे नाही. हा प्रश्न विचारल्यावर एका खासगी प्रयोगशाळेच्या माणसाने आम्हांला सांगितले, "तुम्ही पैसे भरा, रिपोर्ट येतो." रिपोर्ट येतोच हो. आम्ही तिथे नमुने दिले नाहीत.

आणखी एक. एमआरएल म्हणून जो शब्द आपण ऐकतो ती मर्यादा खाण्याच्या मालाची आहे, मातीची नाही. हळदीत किती चालेल याचा आकडा मिळतो. तो मातीच्या अहवालाशेजारी ठेवून "आपली माती नापास" असे कुणी सांगितले तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. मातीचा आकडा हा इशारा असतो, निकाल नव्हे. मातीत निघाले तर मालाचा नमुना काढायचा, माल स्वच्छ असेल तर विक्रीला अडचण नाही.

आता त्या मागल्या रांगेतल्या सभासदाचे म्हणणे. ते आम्ही हसण्यावारी नेत नाही. कागदावर आकडा आला की तो फिरतो. खंड कमी होतो, सोयरिकीत चर्चा होते, उद्या सोसायटीचा सेक्रेटरी कर्जाच्या वेळी विचारतो. आणि ज्याने काही केले नाही, ज्याच्या वडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी सांगितले तसे टाकले, त्याच्या नावावर ठपका बसतो. म्हणून शेतकी खात्याची मंडळाकडे शिफारस अशी आहे. बिलातून कपात नको. ऊस विकास निधीतून प्रत्येक गटात मोजके प्लॉट तपासावेत : कंदपिकाखाली जाणारे, जुन्या हुमणीग्रस्त पट्ट्यातले, आणि पंप भरायच्या काही जागा. सोबत कारखान्याच्या प्रेसमडचा व कंपोस्टचाही नमुना असावा, कारण साऱ्या कार्यक्षेत्राचा ऊस गाळून उरलेला तो गाळ आपण पुन्हा सभासदांच्याच रानात पाठवितो. लोकांची माती तपासायची आणि स्वतःचा ढीग झाकून ठेवायचा, हे बरे दिसत नाही. ज्याचा प्लॉट त्याला त्याचा अहवाल बंद पाकिटात द्यावा, या अंकात गटाचा एकत्रित आकडा गावाच्या व माणसाच्या नावाशिवाय छापावा, आणि अहवालाचा ऊस नोंदीशी, तोडणीच्या पाळीशी किंवा बिलाशी कसलाही संबंध राहणार नाही असा मंडळाचा लेखी ठराव आधी व्हावा. ठराव झाल्याशिवाय आमचे कर्मचारी एकही बरणी भरणार नाहीत. खात्यातल्या काही सहकाऱ्यांना ही अट जास्त वाटते. आम्हांला वाटत नाही, कारण विश्वास गेला की पुढच्या वर्षी सभासद बांधावरची माती भरून देईल आणि आपण ती मोठ्या इमानाने तपासत बसू.

नमुने कुठे द्यायचे हा प्रश्न आपल्याकडे फार अवघड नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठात कीटकनाशक अंशाचे अखिल भारतीय प्रकल्पाचे केंद्र आहे, पुण्यात कृषी खात्याची अंश तपासणी प्रयोगशाळा आहे, मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्राची राष्ट्रीय दर्जाची प्रयोगशाळा आहे. मातीचे नमुने घेण्याची त्यांची व्यवस्था, यादी आणि दर विचारून मगच ठरवावे.

मंडळाचा निर्णय होईपर्यंत खोडवा मोडून सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला घेणाऱ्यांनी थांबायचे कारण नाही. तणनाशकाचा अंश पाहण्याची एक परीक्षा घरच्या घरी होते. रानातल्या आठ-दहा ठिकाणची वरची बोटभर माती एकत्र करून तीन कुंड्यांत किंवा कापलेल्या डब्यांत भरा. आणखी तीन डब्यांत त्याच जातीची, पण तणनाशक न पडलेली माती भरा. गोठ्याजवळची नको, ती खतवलेली असते. सहाही डब्यांत काकडीचे, मोहरीचे किंवा जे पीक घ्यायचे त्याचेच आठ-दहा दाणे टाका, उन्हात ठेवा, पाणी बेताने द्या, खालून वाहून जाईल इतके नको. उगवण सारखी झाली म्हणून आठव्या दिवशी डबे ओतू नका. ॲट्राझिन-मेट्रिब्युझिनच्या जातीची औषधे बियातला साठा संपल्यावर, खरी पाने आली की मगच दिसतात. तीन आठवडे थांबा. रानातल्या मातीची पाने कडेने पिवळी पडून करपू लागली आणि दुसरीकडची हिरवी राहिली, तर ते पीक या हंगामात त्या रानात नको. ज्वारी-मका घ्या किंवा पुन्हा ऊस लावा. या परीक्षेत कीटकनाशक कळत नाही, हुमणीचे जुने औषध तर नाहीच नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. मोहरीचे बी प्रत्येक गट ऑफिसात पुडीने ठेवले आहे, शेतकी मदतनिसाकडून मोफत न्यावे. डबे आपापले आणावेत.